मिडसेमचा आठवडा आणि आपल्या मुलांची तब्येत

वर्षावास सुरू झाला की संध्याकाळी विहारात बाबासाहेबांच्या ग्रंथाचं वाचन सुरू होतं. साधारण त्याच दोन-तीन महिन्यांत इंजिनिअरिंग कॉलेजांत मिडसेम परीक्षा लागतात. आमच्या आरोग्य शिबिरात या दिवसांत ठरावीक तक्रारी येतात. पोरगी जेवत नाही, पोरगा रात्रभर जागतो, डोकं दुखतं, छातीत धडधडतं, पित्त उसळतं. सोबत आलेली आई सांगते, "ताई, काही नाही हो, परीक्षेचं टेन्शन आहे." मग मी एकच विचारते, कसली परीक्षा? बहुतेक आयांना ते सांगता येत नाही. त्यांची चूक काहीच नाही. घरातलं पहिलंच लेकरू इंजिनिअरिंगला गेलेलं असतं, तिथे काय चालतं ते घरात कुणी पाहिलेलं नसतं.

या पानावर आपण आजवर बीपी, शुगर, सिकलसेल, बाळंतपण यांवर बोललो. या वेळी मिडसेमवर बोलू. आमच्या वस्तीतली एक मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या परवानगीने तिचा अनुभव इथे सांगते. नाव, गाव, कॉलेज मुद्दाम दिलेलं नाही.

तिचे वडील सेंट्रिंगचं काम करतात. आई दोन घरी स्वयंपाकाला जाते. मुलीने दहावीनंतर पॉलिटेक्निकचा सिव्हिल डिप्लोमा केला, चांगले मार्क मिळवले आणि डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतला. आपल्याकडची कितीतरी मुलं याच वाटेने येतात. वाट चांगली आहे, कारण डिप्लोमा झाला की नोकरीचा एक कागद हाती असतो आणि गरज पडली तर तेवढ्यावरही घर चालतं. पण या वाटेवर एक खड्डा आहे. डिग्रीच्या पहिल्या वर्षाचं एम-वन आणि एम-टू, म्हणजे गणिताचे दोन पेपर, या मुलांचे तसे झालेलेच नसतात. डिप्लोमाचं गणित वेगळं आणि हलकं असतं. दुसऱ्या वर्षात पाऊल ठेवलं की समोर एम-थ्री उभं. त्यात प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या तर ही मुलं वर्गात पोचतात तेव्हा इतरांचा निम्मा अभ्यासक्रम शिकवून झालेला असतो, आणि पंधरा-वीस दिवसांत मिडसेम.

मिडसेम म्हणजे सहामाहीच्या मधोमध होणारी परीक्षा. मार्कांची विभागणी विद्यापीठागणिक वेगळी आहे. लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या पद्धतीत शेवटची परीक्षा ६० मार्कांची, मिडसेम २० ची आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन २० चं. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पद्धतीत आधी ३० मार्कांची इनसेम आणि मग ७० ची एंडसेम. आईवडिलांनी यातून एवढंच लक्षात घ्यावं की ही शाळेतल्या चाचणीसारखी सोडून देण्याची परीक्षा नाही, पण एका मिडसेममध्ये मार्क कमी पडले म्हणून वर्षही बुडत नाही. २० पैकी ६ पडले तरी सावरायला पुढे ८० मार्क शिल्लक असतात. हा हिशेब मुलांना तोंडपाठ असतो. परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र तो आठवत नाही. त्या वेळी घरच्यांनी आठवण करून द्यायला हवी.

तिच्या कॉलेजात तीन दिवसांत सहा पेपर होते. रोज दोन, प्रत्येकी एक तासाचे. एम-थ्री, मेकॅनिक्स ऑफ सॉलिड्स, हायड्रॉलिक्स, सर्व्हेइंग, बिल्डिंग कन्स्ट्रक्शन, इंजिनिअरिंग जिऑलॉजी. जिऑलॉजीत खडकांची नावं आणि गुणधर्म पाठ करायचे. बिल्डिंग कन्स्ट्रक्शनमध्ये आकृत्या काढायच्या. मेकॅनिक्समध्ये बीमवर भार दिला की तो कुठे किती वाकेल याचं गणित मांडायचं. तीन प्रकारचं डोकं लागतं आणि तिन्ही एकाच दिवसात वापरायचं. मी नर्सिंगचा डिप्लोमा केला तेव्हा आमच्या पेपरांत निदान एक दिवसाची सुट्टी असायची.

पहिल्या दिवसाच्या आदल्या रात्री ती अडीचपर्यंत जागी होती. हॉस्टेलच्या मेसचा नाश्ता आठनंतर, आणि तिला साडेआठला निघायचं होतं. रांग बघून ती फक्त चहा पिऊन निघाली. दुपारी दोन पेपरांच्या मध्ये कॅन्टीनचा वडापाव आणि पुन्हा चहा. दुसऱ्या रात्री साडेतीनपर्यंत जागरण, मैत्रिणीने दिलेलं एनर्जी ड्रिंक आणि नंतर झोपच नाही. मेकॅनिक्सच्या पेपरात एक अगदी साधं गणित होतं. ६ मीटरचा बीम, दोन्ही टोकांना आधार, त्यावर मीटरला १० किलोन्यूटन सारखा भार, तर सर्वांत जास्त बेंडिंग मोमेंट किती? डिप्लोमापासून तिने हे शंभर वेळा सोडवलं होतं. भार गुणिले लांबीचा वर्ग, भागिले आठ. उत्तर ४५ किलोन्यूटन-मीटर. तिने लांबीचा वर्गच केला नाही आणि ७.५ लिहिलं. पुढची आकृती त्याच आकड्यावर काढली. बाहेर आल्यावर पायऱ्यांवर बसून आठवलं तेव्हा ती रडली.

तिसऱ्या दिवशी एम-थ्रीच्या पेपरात अर्ध्या तासाने तिच्या छातीत धडधडायला लागलं. हाताची बोटं मुंग्या आल्यासारखी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली. बाहेर नेऊन पाणी दिलं, ओआरएस दिलं. कुणीतरी म्हणालं, "घाबरली." वर्गातला एक जण म्हणाला, "डिप्लोमावाल्यांना मॅथ्स झेपत नाही." संध्याकाळी वडिलांना फोन गेला. ते दुसऱ्या दिवशी काम सोडून तिला घ्यायला गेले. म्हणजे त्या दिवसाचा रोजही गेला.

ती माझ्याकडे आली तेव्हा घरात ठरलेलं होतं की पोरीने टेन्शन घेतलंय. मामा म्हणत होते, एवढा डिप्लोमा झालाय तर बस कर आता, नोकरी बघ.

आधी रक्त तपासा

मी तिच्या पापणीच्या आत पाहिलं. पांढरं. नखं पांढरी. जिना चढताना दम लागतो का, विचारलं. हो. पाळी किती दिवस जाते? सात-आठ दिवस, आणि भरपूर. कधीपासून? अकरावीच्या वयापासून. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.६. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की तो ॲनिमिया, आणि ८.६ म्हणजे मध्यम स्वरूपाचा. अशा शरीराने उपाशीपोटी, दोन-तीन तासांच्या झोपेवर, उकाड्याच्या हॉलमध्ये पेपर लिहिला तर हृदय धडधडणारच. मेंदूला ऑक्सिजन पोचवायला त्याला जास्त वेळा धावावं लागतं.

माझा आग्रह एवढाच की परीक्षेतला प्रत्येक त्रास 'टेन्शन' या एका शब्दाच्या पोत्यात भरू नका. मुलीला दम लागत असेल, सतत थकवा असेल, खडू-माती खावीशी वाटत असेल, केस फार गळत असतील, तर आधी सीबीसी करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी होते. सोबत थायरॉइडचं डॉक्टरांना विचारा. विदर्भातल्या आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको, आपल्या समाजात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. रक्त कमी निघालं की नुसत्या लोहाच्या गोळ्या सुरू करून थांबू नका, सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट झाली आहे का ते पाहा. झाली नसेल तर करून घ्या.

लोहाच्या गोळीबद्दल तीन गोष्टी. ती चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह शोषू देत नाही. जेवणाच्या आगेमागे तासभर तरी चहा टाळा. लिंबू, आवळा, पेरू सोबत असेल तर लोह चांगलं लागू पडतं. गोळीने संडास काळी होते, त्याला घाबरून गोळी सोडू नका. मळमळ होत असेल तर डॉक्टरांना विचारून रात्री जेवणानंतर घ्या. हिमोग्लोबिन भरून आल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने गोळ्या चालूच ठेवायच्या असतात, कारण शरीरातला साठाही भरायचा असतो. आणि पाळीत आठ-आठ दिवस रक्त जात असेल तर ती 'बायकांची रीत' म्हणून सोडून देऊ नका. त्याच्यावर उपचार आहेत.

मुलांनाही हे लागू आहे. मेसच्या पातळ वरणावर आणि वडापाववर जगणारी मुलंही माझ्याकडे पांढरीफटक येतात. पुरुषांत १३ च्या खाली ॲनिमिया धरतात. परीक्षेच्या आठवड्यात खिशात भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गुळाचा खडा, दोन केळी ठेवायला फार पैसे लागत नाहीत. आदल्या रात्री मेसमधून दोन पोळ्या उचलून ठेवा आणि सकाळी चहाआधी खा.

सिव्हिलवाल्यांचं वेगळं दुखणं

सिव्हिलच्या मुलांना वर्गाबाहेरचं काम खूप असतं. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला लेव्हल, थिओडोलाइट, टोटल स्टेशन घेऊन उन्हात उभं राहायचं. एक जण यंत्रापाशी, एक जण स्टाफ धरून, बाकीचे रीडिंग लिहीत. तिथे जवळपास बाथरूम नसते. मुली काय करतात? पाणीच पीत नाहीत. सकाळी नऊ ते दुपारी दोन, एक घोटही नाही. आलेली लघवी दाबून ठेवतात. आमच्या मुलीला मिडसेमच्या आधी दोन वेळा लघवीला जळजळ झाली होती. तिने मेडिकलमधून कुठल्यातरी गोळ्या आणून घेतल्या, त्याही दोनच दिवस. ॲन्टिबायोटिक असं अर्धवट घेतलं तर जंतू मरत नाहीत, उलट चिवट होतात. जळजळ, पुन्हा पुन्हा लघवीला जावंसं वाटणं, ओटीपोटात दुखणं ही लक्षणं दिसली की लघवी तपासून घ्या. थंडी वाजून ताप किंवा कंबरेच्या वर पाठीत दुखणं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पण मुलींना फक्त पाणी प्या म्हणून सांगणं हा अर्धा सल्ला आहे. उरलेला अर्धा कॉलेजला सांगायला हवा. प्रॅक्टिकलची जागा ठरवताना बाथरूम कुठे आहे ते बघा. मधे पंधरा मिनिटं सोडा. आमच्या मुलीने आणि तिच्या बॅचच्या मुलींनी हे अर्ज लिहून दिलं, बारा जणींनी सह्या केल्या. जात वगैरे न बघता सगळ्याच जणींनी केल्या, कारण दुखणं सगळ्यांचं होतं. आता त्यांची बॅच लेडीज हॉस्टेलजवळच्या मैदानात प्रॅक्टिकल करते.

सर्व्हे कॅम्पला जाणाऱ्या सिकलसेलच्या मुलांनी खास जपायचं. अंगातलं पाणी कमी झालं, फार थंडी लागली किंवा अतिश्रम झाले की वेदनांचा झटका येऊ शकतो. सरांना आधी सांगून ठेवा, कार्ड जवळ ठेवा. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

काँक्रीट लॅबचंही एक. १५ सेंटिमीटरचे क्यूब भरताना मुलं हाताने ओला माल सारखा करतात. ओलं सिमेंट तिखट असतं, कातडी भाजते, भेगा पडतात. रबरी हातमोजे मागा. याच सिमेंटने आपल्या बापांच्या हातापायांची काय गत केली ते आपल्याला ठाऊक आहे. आता लेकरं शिकून त्या साइटवर अधिकारी म्हणून जाणार आहेत, तेव्हा मजुरांना हातमोजे-गमबूट द्यायची सवय त्यांना इथूनच लागली तर बरं.

अठरा तासांबद्दल

आता एक नाजूक गोष्ट. आपल्याकडे भीमजयंतीला अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. विहारात, वाचनालयात, कॉलेजात मुलं सलग अठरा तास बसून वाचतात. बाबासाहेबांना हे अभिवादन मला आवडतं. मी स्वतः अशा उपक्रमांत मुलांना पाणी आणि नाश्ता द्यायला उभी राहते. डीजेपुढे नाचण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

पण वर्षातून एक दिवस केलेलं अभिवादन आणि रोजचं वेळापत्रक यांत फरक आहे. आमच्या मुलीच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली तिनेच लिहिलेलं 'रोज १८ तास'. कॉलेजचे सहा-सात तास धरले तर झोपायला उरतात किती? झोप कमी पडली की तिला अपराधी वाटायचं नाही, झोप लागली की वाटायचं. "बाबासाहेब जागत होते आणि मी झोपते," असं ती मला म्हणाली. हे ऐकून मला वाईट वाटलं. आपणच भाषणांतून हे मुलांच्या डोक्यात घालतो. बाबासाहेब जागे होते म्हणून आपण आज झोपू शकतो, असंही आपणच म्हणतो. मग लेकरांना झोपू द्या ना.

मी सरकारी वॉर्डात वर्षानुवर्षं नाइट ड्यूटी केली आहे. पहाटे चारच्या सुमारास इंजेक्शन भरताना आम्ही दोघी मिळून लेबल मोठ्याने वाचायचो, कारण त्या वेळी एकटीच्या डोळ्यांवर विसंबायचं नसतं हे वॉर्डात सगळ्यांना माहीत असतं. सलग सतरा-अठरा तास जागं राहिलेल्या माणसाचं लक्ष आणि हालचालींचा वेग थोडी दारू प्यायलेल्या माणसासारखा मंदावतो, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. दिवसा वाचलेलं पक्कं करायचं काम मेंदू झोपेत करतो. म्हणजे रात्री अडीच ते साडेसहा या वेळेत तिने जे वाचलं असतं त्यापेक्षा संध्याकाळी वाचलेलं तिच्या जास्त कामी आलं असतं, जर ती झोपली असती तर. ४५ चे ७.५ झाले ते गणित येत नव्हतं म्हणून नव्हे. अठरा ते पंचवीस वयाच्या मुलांना सात ते नऊ तासांची झोप लागते. परीक्षेच्या आठवड्यात निदान सहा तास तरी मोडू नका. दुपारी तीन-चारनंतर चहा-कॉफी नको, कारण त्यातला कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनंतरही अंगात असतो. एनर्जी ड्रिंकही त्यातलंच, वरून साखर. झोप उडवणाऱ्या गोळ्या कुणी दिल्या तर घेऊ नका, आणि कोण विकतं ते मोठ्यांना सांगा.

बाबासाहेबांचे अठरा तास कुठल्या परिस्थितीतून आले तेही मुलांना सांगायला हवं. लंडनमध्ये त्यांना पोटभर खायला मिळत नव्हतं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती संपल्यावर अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं होतं. पुढे मधुमेह आणि सांधेदुखीने त्यांना छळलं, १९४८ नंतर माईसाहेबांनी डॉक्टर म्हणून त्यांची पथ्यं सांभाळली. त्यांनी शरीर झिजवलं कारण त्यांच्यापुढे कुणी वाट करून ठेवलेली नव्हती. सिव्हिलच्या मुलांनी तर बाबासाहेबांचं आणखी एक काम वाचावं. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते ४६ या काळात मजूर खात्याबरोबर सिंचन आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेत त्यांचा मोठा वाटा होता, आणि आजच्या केंद्रीय जल आयोगाचं मूळ असलेला आयोग १९४५ मध्ये त्यांच्याच काळात स्थापन झाला. हायड्रॉलिक्स शिकणाऱ्या मुलीच्या भिंतीवर 'रोज १८ तास'पेक्षा हे लिहिलेलं मला जास्त आवडेल.

तथागतांनी सोण नावाच्या भिक्खूला काय समजावलं ते वर्षावासात आपण ऐकतोच. साधनेत चालून चालून त्याच्या पायांतून रक्त आलं आणि तो निराश झाला. तो पूर्वी वीणा वाजवत असे. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, सैल सोडली तरी लागत नाही, हे त्याला त्याच्याच वाद्यावरून दाखवलं. पोरीला मी हीच गोष्ट सांगितली. तिने भिंतीवरचा कागद काढला नाही, फक्त त्यात 'रोज'च्या जागी '१४ एप्रिल' केलं.

मनाचं दुखणंही खरंच असतं

रक्त आधी तपासा म्हटलं, याचा अर्थ मनाला दुखतच नाही असा नाही. हिमोग्लोबिन वाढायला लागल्यावर ती मोकळी बोलू लागली. पहिल्या आठवड्यात एका सरांनी भर वर्गात "स्कॉलरशिपवाले हात वर करा" म्हणून सांगितलं होतं. फॉर्मसाठीच विचारलं असेल, पण नोटीस लावून किंवा ऑफिसात बोलावूनही ते काम झालं असतं. हात वर गेले आणि त्यानंतर प्रॅक्टिकलचे गट बदलले. कुणी काही बोललं नाही. तिला कुणी नोट्स पाठवेना, एवढंच. ग्रुपमध्ये आधीच्या वर्षांचे मिडसेमचे पेपर फिरत होते, ते तिला परीक्षेनंतर कळलं. सीईटी किती, कोणत्या कॅटेगरीतून, हे प्रश्न गप्पांच्या नावाखाली येतात. अशा ठिकाणी मुलगी शंका विचारायला हात वर करत नाही आणि मग रात्री एकटीच व्हिडिओ बघत जागते. जागरणामागे हेही असतं.

रोहित वेमुला (२०१६) आणि डॉ. पायल तडवी (२०१९) यांना आपण विसरलेलो नाही. त्यांच्या आया अजून न्यायासाठी लढत आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला हवा. प्रवेश घेताना फी विचारतो तसं या अधिकाऱ्याचं नावही विचारा. तक्रार तोंडी करू नका, तारीख घालून लेखी द्या आणि पोच घ्या.

शिष्यवृत्तीबद्दलही इथेच. महाडीबीटीवरचा नूतनीकरणाचा फॉर्म मिडसेमच्या तोंडावर भरायला ठेवू नका. उत्पन्नाचा दाखला, बँक खात्याला जोडलेलं आधार, मागच्या वर्षाची गुणपत्रिका जूनमध्येच काढून ठेवा. अनुसूचित जातीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, त्यावर असाल तर फ्रीशिप बघा. हॉस्टेलला नंबर लागला नसेल तर स्वाधार योजनेचा अर्ज समाज कल्याण कार्यालयात करा. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये असे शासनाचे आदेश आहेत. तरीही फीसाठी हॉल तिकीट अडवल्याच्या तक्रारी दरवर्षी येतात. पेपरच्या आदल्या दिवशी ऑफिसच्या खिडकीत उभं राहिलेल्या मुलाची झोप कुठल्या श्वासाच्या व्यायामाने परत येणार?

तरी श्वासाचं सांगते, कारण पेपर चालू असताना धडधड सुरू झाली तर हाताशी तेवढंच असतं. पेन खाली ठेवा. पाय जमिनीला टेकवा. श्वास नाकाने सावकाश घ्या आणि घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा. असे दहा श्वास. विहारात आनापानसती शिकला असाल तर हे नवीन नाही. भीतीचा झटका साधारण दहा मिनिटांत शिखरावर जातो आणि मग उतरतो. मात्र छातीत दुखणं, बेशुद्ध होणं, किंवा हे पहिल्यांदाच होत असेल तर डॉक्टरांकडून तपासून घ्या. 'भीतीच असेल' असं घरी ठरवू नका.

मूल दोन आठवड्यांहून जास्त गप्प गप्प असेल, जेवण-झोप बिघडली असेल, आवडीच्या गोष्टी सोडल्या असतील, 'मी तुमच्यावर ओझं आहे' असं बोलत असेल, आपल्या वस्तू वाटून टाकत असेल, तर थेट विचारा. जीव द्यावासा वाटतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट मनावरचं ओझं उतरतं. 'हो' म्हणालं तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. नंबर स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

मामांचं ऐकून तिने शिक्षण सोडलं का, हे आता वस्तीत कुणी विचारत नाही, कारण ती दर शनिवारी घरी येते तेव्हा वडील आणि ती ओट्यावर बसलेले दिसतात. वडिलांची शाळा चौथीपर्यंत. पण ओळंबा, गुण्या, पाण्याची नळी लावून दोन खांबांची लेव्हल काढणं, हे सगळं त्यांच्या हातात आहे. हायड्रॉलिक्सच्या पुस्तकात जे इंग्रजीत लिहिलंय ते त्या पारदर्शक नळीत तिला दिसलं. बीमखालचे टेकू किती दिवसांनी काढायचे, असं तिने विचारलं तर ते म्हणाले, लांब बीम असला तर एकवीस दिवस, ठेकेदार किती का ओरडेना. तिने आयएस ४५६ उघडून दाखवलं. सहा मीटरच्या वरच्या बीमला एकवीसच लिहिलेत. बाप बराच वेळ त्या पानाकडे बघत होता.

मिडसेममध्ये तिला मेकॅनिक्सला २० पैकी ११ मिळाले, कारण पायऱ्यांना मार्क असतात आणि सरांनी ते प्रामाणिकपणे दिले. जिऑलॉजीला १६. एम-थ्रीला ३. एम-थ्री बहुधा राहील, असं तिने स्वतःच आईवडिलांना शांतपणे समजावलं आहे. एक विषय राहिला तर त्याला केटी म्हणतात, पुढच्या वर्गात जाता येतं, पेपर पुन्हा देता येतो. हिमोग्लोबिन सात आठवड्यांत १०.४ झालं आहे.

आमच्या विहार समितीने यंदा ठरवलं की ग्रंथवाचनाचा भोंगा आतल्या आत ऐकू येईल एवढाच ठेवायचा आणि आठला बंद करायचा. मागची खोली अभ्यासाला दिली आहे. ती रात्री साडेदहाला बंद होते, मुलांनी कितीही विनवलं तरी किल्ली मिळत नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक शाखा अभियंता रविवारी दोन तास एम-वन आणि एम-टूची उजळणी घेतात. थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्या मुलांनी जून-जुलैत, प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतानाच, तिथे नाव द्यावं. येणाऱ्या पौर्णिमेला बुद्धवंदनेनंतर त्याच खोलीत हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी ठेवली आहे. येताना आधार कार्ड आणि आधीचे रिपोर्ट असतील तर घेऊन या. काही खाऊन या, उपाशी यायची गरज नाही.